स्वस्तातला लेझर डिस्टन्स सेन्सर: तीनशेचा घ्यावा की दोन हजारांचा?

जुलै उजाडला की कोल्हापुरात पंचगंगेची पातळी सगळ्यांना फूट-इंचात तोंडपाठ असते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यापासून इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पाणी मोजायचा नादच लागलाय. नदीचं नाही तर निदान गच्चीवरच्या टाकीचं. गणपती जवळ आले की मंडळाला देखाव्यातली मूर्ती माणूस समोर आला की हलायला हवी असते. गल्लीतल्या अरुंद गॅरेजात गाडी मागे घेताना भिंत किती लांब आहे ते कळायला हवं असतं. उद्यमनगरात कुणाला लेथच्या कॅरेजचं अंतर स्क्रीनवर बघायचं असतं. सगळ्यांची गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबते: स्वस्तातला लेझर डिस्टन्स सेन्सर कुठला घेऊ?

ऑनलाइन शोधलं की त्या एकाच नावाखाली पन्नास रुपयांपासून काही हजारांपर्यंतच्या वस्तू समोर येतात. फोटोत सगळ्या सारख्याच: बोटाच्या पेराएवढी पट्टी, त्यावर काळा चौकोन, खाली चार-सहा पिना. वर्णन वाचावं तर इंग्रजी आकड्यांचा नुसता पाऊस.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निम्म्या प्रोजेक्टना लेझर लागतच नाही. ज्यांना लागतो, त्यातल्या बहुतेकांचं काम तीनशे-चारशे रुपयांत होतं. फसगत होते ती उरलेल्यांची, कारण पैसे नेमके कशाचे मोजतोय हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

किंमत लेझरची नसते, घड्याळाची असते

अंतर मोजायची कल्पना सोपी आहे. काहीतरी सोडायचं, ते वस्तूवर आपटून परत यायची वाट बघायची, लागलेल्या वेळाला वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. शंभर रुपयांच्या आत मिळणारा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर, तोच दोन डोळ्यांसारख्या डब्यांचा, हे काम ४० किलोहर्ट्झच्या आवाजाने करतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला त्याला जवळपास सहा मिलिसेकंद लागतात. अर्डुइनो, म्हणजे अशा प्रोजेक्टमध्ये कोड चालवणारा छोटा बोर्ड, त्याच्या हिशेबात हा वेळ भरपूर झाला.

आता आवाजाच्या जागी प्रकाश घ्या. वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. त्याच भिंतीवरून तो पावणेसात नॅनोसेकंदांच्या आतच परत येतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. अर्डुइनो उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे त्याचा एक ठोका साडेबासष्ट नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात प्रकाश नऊ मीटरवरच्या भिंतीला शिवून परत आलेला असतो. उनोला काही झाल्याचा पत्ताही नसतो.

मिलिमीटरपर्यंत मोजायचं म्हटलं तर आणखी खाली उतरावं लागतं. वस्तू एक मिलिमीटर सरकली तर परतीच्या वेळात फरक पडतो पावणेसात पिकोसेकंदांच्या आसपास, म्हणजे नॅनोसेकंदाच्याही हजाराव्या भागात. लेझर डायोड पाच-दहा रुपयांतही मिळतो. इतकी बारीक वेळ पकडणारं घड्याळ तेवढ्यात मिळत नाही. पुढचा सगळा विषय म्हणजे हे घड्याळ कुणी कसं स्वस्त केलं, किंवा कसं टाळलं.

घड्याळ टाळणारे

वेळ मोजायचीच नाही, अशीही एक वाट आहे. एका भिंगातून प्रकाश सोडायचा, शेजारच्या भिंगातून परतलेला ठिपका आतल्या पट्टीवर कुठे पडला ते बघायचं. वस्तू जवळ असली तर ठिपका एका टोकाला, लांब गेली की दुसऱ्या टोकाकडे सरकतो. भूमितीतले समरूप त्रिकोण आठवत असतील तर बाकी सांगायला नको. शार्प कंपनीचा जीपी२वाय०ए२१ हा जुना सेन्सर याच पद्धतीचा, १० ते ८० सेंटिमीटरचा. त्यात लेझरही नसतो, इन्फ्रारेड एलईडी असतो. फिरत्या रोबोटवर बसवतात तो आरपी-लायडार ए१ हेच काम लेझरने करतो.

या पद्धतीची मर्यादा भूमितीतच आहे. वस्तू जितकी लांब, तितकं ठिपक्याचं सरकणं कमी, त्यामुळे अंतर वाढलं की अचूकता झपाट्याने घसरते. शार्पच्या सेन्सरची आणखी एक खोड म्हणजे वस्तू १० सेंटिमीटरच्या आत आली की त्याचं व्होल्टेज वाढायचं सोडून उतरायला लागतं. मग अगदी नाकासमोरची वस्तू त्याला लांबची वाटते. रोबोट भिंतीला धडकतो आणि पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

तीनशे रुपयांत घड्याळ मिळतं ते मोबाइलमुळे

२०१४ मध्ये एलजीने जी३ या फोनमध्ये कॅमेऱ्याचा फोकस पटकन लागावा म्हणून लेझर बसवला. मग इतरांनीही बसवला. फोन कोटींनी विकले जातात, त्यामुळे त्यातला सुटा भागही कोटींनी बनायला लागला आणि त्याची किंमत कोसळली. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा व्हीएल५३एल०एक्स हा सेन्सर २०१६ मध्ये आला तो याच लाटेत. नाव उच्चारायला अवघड आहे, म्हणून पुढे त्याला एल-झिरो म्हणू. चिपची लांबी ४.४ मिलिमीटर, रुंदी २.४, जाडी १. लेझर आणि घड्याळ दोन्ही तेवढ्यात.

त्यातला लेझर ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, इन्फ्रारेड. परतलेला प्रकाश पकडायला प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन आला तरी खटका मारणाऱ्या डायोडांची जाळी असते. एका वेळचं मोजमाप कच्चंच असतं. पण सेन्सर एका वाचनासाठी अशी असंख्य मोजमापं घेतो आणि त्यांचा निष्कर्ष तुमच्या हातात ठेवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो एका वाचनाला ३३ मिलिसेकंद घेतो. २०० दिले तर आकडा जास्त स्थिर येतो, २० दिले तर वेग मिळतो पण आकडा नाचतो. अशा पद्धतीला टाइम ऑफ फ्लाइट, थोडक्यात टीओएफ म्हणतात. खरेदी करताना हे अक्षर लक्षात ठेवा, कामाला येईल.

एल-झिरोचा थोरला भाऊ व्हीएल५३एल१एक्स, म्हणजे एल-वन, चार मीटरपर्यंत जातो. बेनेवेक कंपनीचा टीएफ-लुना आठ मीटरपर्यंत. किमती सतत हलतात, म्हणून अंदाज म्हणूनच घ्या: एल-झिरो दोनशे ते चारशे, एल-वन त्याच्या दुप्पट-तिप्पट, टीएफ-लुना दोन हजारांच्या आगेमागे.

मग दोन हजारांच्या लेझर टेपमध्ये ४० मीटर आणि दोन मिलिमीटर कसे?

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. सुतार, फर्निचरवाले, टाइल्सवाले हल्ली खिशात लेझर टेप घेऊन फिरतात. लाल ठिपका भिंतीवर, बटण दाबलं की आकडा. त्याच पैशात टीएफ-लुना आठ मीटरवर थांबतो आणि तीन मीटरपर्यंत सहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. मग शहाणा कोण?

लेझर टेप वेळ थेट मोजत नाही. तो उजेड ठरावीक लयीत कमी-जास्त करत सोडतो आणि परत आलेली लय आपल्या लयीपेक्षा किती मागे पडली ते बघतो. समजा लय १०० मेगाहर्ट्झची आहे. मग दर दीड मीटरला तीच स्थिती परत येते. या दीड मीटरच्या आत कुठे आहोत हे तो फार बारीक सांगू शकतो, पण असे किती दीड मीटर आधी होऊन गेले हे त्याला कळत नाही. घड्याळाचा नुसता मिनिटकाटा बघितल्यासारखं हे आहे. वीस मिनिटं झालीत हे पक्कं, पण किती वाजून ते माहीत नाही. म्हणून टेप लगेच दुसऱ्या, संथ लयीनेही मोजतो, तो तासकाटा. दोन्ही जुळले की अंतर मिलिमीटरपर्यंत हातात.

याची किंमत तो वेळेत मोजतो. सेकंदाला मोजकीच वाचनं मिळतात, आणि समोरची वस्तू हलत असेल तर गोंधळ होतो. टीएफ-लुना सेकंदाला २५० पर्यंत वाचनं देऊ शकतो. ड्रोनला, रोबोटला तेच लागतं. खोलीचं माप घ्यायला ते नुसतं ओझं.

म्हणजे जास्त पैसे दिले की जास्त अचूक मिळेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही. एक मीटरच्या आत तीनशेचा एल-झिरो अनेकदा दोन हजारांच्या लुनापेक्षा बरा आकडा देतो. लुनाचे पैसे लांब पल्ल्याचे आणि अरुंद झोताचे आहेत.

अरुंद झोत म्हणजे काय, आणि त्याने एवढं काय होतं

नवख्याचे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात. लेझर म्हटलं की सरळ रेषा आणि बारीक ठिपका डोळ्यांसमोर येतो. एल-झिरोचं तसं नाही. त्याचा दृष्टीचा कोन २५ अंशांचा आहे. एक मीटरवर तो जवळपास ४४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ बघतो, दोन मीटरवर जवळपास ९०. त्या वर्तुळात जे जे येईल त्या सगळ्याचा मिळून एक आकडा येतो. टीएफ-लुनाचा कोन दोन अंश, एक मीटरवर वर्तुळ साडेतीन सेंटिमीटरचं. हा फरक किमतीत आहे.

गणपतीच्या देखाव्याला रुंद झोत सोयीचाच. माणूस मंडपात थोडा डावीकडे उभा राहिला काय, उजवीकडे काय, मूर्ती हललीच पाहिजे. इथे एल-झिरो नाद खुळा आहे. फक्त मंडपात जुने हॅलोजन लावले असतील तर ते सेन्सरच्या तोंडावर येऊ देऊ नका. हॅलोजन डोळ्याला दिसतो त्याहून किती तरी जास्त इन्फ्रारेड फेकतो आणि सेन्सरला आपला प्रकाश त्यातून ओळखता येत नाही. एलईडी दिव्यांचा हा त्रास जवळजवळ नाही.

गॅरेजात मात्र तोच रुंद झोत बाजूचा खांब, कोपऱ्यातली सायकल, सगळ्यांना हात लावून येतो. एल-वनमध्ये एक सोय आहे: आतल्या जाळीचा छोटाच भाग वापर असं कोडमधून सांगता येतं, मग कोन बराच आवळतो. त्या बदल्यात प्रकाश कमी मिळतो आणि पल्ला घटतो. फुकट काही नाही.

जाहिरातीतले दोन मीटर कुठे गेले?

‘दोन मीटर लिहिलंय, माझा ऐंशी सेंटिमीटरवर आकडे फेकतोय, डुप्लिकेट असणार.’ नसेलही. एल-झिरोच्या कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की दोन मीटर हा आकडा घरात, आलेल्या प्रकाशापैकी ८८ टक्के परतवणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर, आणि लांब पल्ल्याच्या सेटिंगमध्ये. नेहमीच्या सेटिंगमध्ये सव्वा मीटरच्या आसपास धरा. १७ टक्केच परतवणारा राखाडी पृष्ठभाग असेल तर घरातही ७०-८० सेंटिमीटर. बाहेरच्या उजेडात पांढऱ्यावर ६० ते ८०. टीएफ-लुनाचंही तसंच: आठ मीटर पांढऱ्यावर, काळ्यावर अडीच. विकणारा फक्त पहिला आकडा छापतो.

उन्हाचा तोटा थोडा कमी व्हावा म्हणूनच ९४० नॅनोमीटर निवडलेत. हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला नेमका तो पट्टा बराचसा शोषून घेते, त्यामुळे जमिनीवर त्या रंगाचं ऊन कमी पोचतं. कमी म्हणजे नाही असं नव्हे. कोल्हापूरच्या एप्रिलातल्या दुपारी, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखलेला सेन्सर गप्पच होतो.

काळ्या रंगाचीही एक गंमत आहे. आपल्याला काळं दिसतं ते सेन्सरलाही काळं असेलच असं नाही. रंगवलेली बरीच काळी कापडं इन्फ्रारेडमध्ये चांगली उजळ असतात आणि सेन्सर त्यांना बिनतक्रार वाचतो. गाडीच्या टायरमध्ये कार्बन असतो, तो मात्र दोन्हीकडे काळाच. सेन्सर टायरच्या उंचीवर लावला की वाचन गायब, वीतभर वर नंबरप्लेटसमोर धरला की लगेच आकडा. मोजायची वस्तू आपल्या ताब्यातली असेल तर तिच्यावर पांढरा कागद चिकटवा. लांबचं असेल तर ट्रकच्या मागे लावतात ती रिफ्लेक्टर टेप. ती प्रकाश आल्या वाटेने परत पाठवते. विक्रम लँडरवर असाच, पण फार काटेकोर बनवलेला नासाचा छोटा परावर्तक बसवलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या यानाने चंद्राभोवती फिरताना सुमारे शंभर किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि तो परत आलेला टिपला.

पाण्याचं काय मग? टाकी आणि नदी

पाण्यावर लेझर लावायचा मोह सोडा, एवढंच सांगून थांबलो असतो, पण कारण समजलेलं बरं. सरळ वरून आलेल्या प्रकाशापैकी स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के परततो. बाकीचा आत शिरतो. पाणी संथ असलं तर परतलेला भाग आरशासारखा एका दिशेला जातो, सेन्सर जरा तिरका असला की तेही हुकतं. टाकीत झाकणाखाली बाष्प धरतं, भिंगावर थेंब बसतात. त्यात २५ अंशांचा झोत. सेन्सर कडेला लावला तर तो टाकीची भिंतच मोजतो.

थर्माकोलचा पांढरा तुकडा पाण्यावर सोडून त्याचं अंतर मोजणारेही आहेत. चालतं. पण तो तरंगत भिंतीला जातो, म्हणून पाइपात घालायचा म्हटलं तर अरुंद पाइपाची भिंत परत झोतात येते. त्यापेक्षा पाणी चालणारा जेएसएन-एसआर०४टी हा अल्ट्रासोनिक सेन्सर लावा. तो २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं बघू शकत नाही, म्हणून टाकी भरली तरी पाणी तेवढं खाली राहील इतक्या उंचीवर बसवा. आणि मोटार आपोआप बंद करणं एवढंच काम असेल तर साधा फ्लोट स्विच. त्याला कोड लागत नाही, तो अपडेट मागत नाही.

आवाजाचाही एक दोष लक्षात ठेवा. हवा तापली की आवाज जोरात धावतो, दर अंशाला सेकंदामागे ०.६ मीटर. डिसेंबरच्या पहाटेच्या १५ अंशांत जुळवलेला सेन्सर मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांत दोन मीटरमागे आठ-नऊ सेंटिमीटर चुकतो. वीसेक रुपयांचा तापमानाचा थर्मिस्टर जोडून कोडमध्ये एक ओळ वाढवली की हा दोष जातो. लेझरला तापमानाचा असा त्रास नसल्यातच जमा.

नदीचं गणित वेगळं. ३९ फूट म्हणजे जवळपास १२ मीटर. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून महापुरापर्यंतचा फरक मोजायचा तर आठ मीटरचा लुनाही तोकडा. वरून पाऊस, धुकं, वाहून येणारी जलपर्णी. म्हणून नद्यांवर रडार पद्धतीचे पातळीमापक वापरतात. रडारच्या लहरींना पाऊस-धुक्याचं फारसं सोयरसुतक नसतं आणि पाणी त्यांना छान परतवतं. प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या हौदात मोजा, जरूर मोजा. पण त्या आकड्यावर विसंबून गल्लीच्या ग्रुपवर पुराचा इशारा टाकू नका.

वाफेवरून आठवलं: गुऱ्हाळातल्या काहिलीतल्या रसाची पातळी लेझरने मोजायची कल्पनाही दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येते. उकळत्या रसावरची वाफच प्रकाश परतवते, सेन्सर वाफेचं अंतर सांगतो. तिथे अजून तरी गुळव्याचा डोळाच खरा.

एक मिलिमीटर लिहिलंय, ते खोटं आहे का?

खोटं नाही, अर्धवट आहे. एल-झिरो आकडा मिलिमीटरमध्ये देतो. ४१२, ४१९, ४०७ असं. आकडा किती बारीक छापला जातो ही एक गोष्ट, तो किती खरा आहे ही दुसरी. एल-झिरोचा आकडा नेहमीच्या सेटिंगमध्ये तीन-चार टक्के हलू शकतो, म्हणजे मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर. लागोपाठची पाच वाचनं घेऊन त्यातलं मधलं ठेवा. सरासरी नको, मधलं, कारण एखादं वाचन भलतंच आलं तर सरासरी बिघडते, मधलं बिघडत नाही. आकडा बराच बसतो, पण लेथवर लावण्याइतका नाहीच. कॅरेजला डीआरओची, म्हणजे सरकलेलं अंतर स्क्रीनवर दाखवणारी पट्टी लावतात तीच लावा. शीतकाचे शिंतोडे आणि लोखंडाचा चुरा उडत असताना उघड्या भिंगाचा निभाव लागायचा नाही.

‘मग लेझर टेपच उघडून आतला भाग वापरला तर?’ काही जण करतात. आतल्या बोर्डावर सिरियलचे बिंदू सापडले तर आकडे बाहेर काढता येतात, पण प्रत्येक मॉडेल वेगळं, आणि वॉरंटी स्क्रू काढतानाच संपते. ब्लूटूथवाला टेप मिळाला तर स्क्रूला हात न लावता काम होऊ शकतं. आयफोनच्या प्रो मॉडेलांत २०२० पासून लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर आहे, साधारण पाच मीटरचा. खोलीचा कच्चा आराखडा काढायला तो उत्तम. गॅरेजच्या भिंतीवर कायमचा ठोकून ठेवायला कुणी आयफोन देणार नाही.

लेझर आहे, डोळ्यांचं काय?

कोल्हापुरात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या इथूनही आल्यात आणि बंदीचे आदेशही निघालेत. पण नाव एक असलं तरी ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात. एल-झिरो आणि एल-वन वर्ग १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या वापरात निर्धोक. लेझर टेप वर्ग २ मध्ये: दिसणारा लाल प्रकाश, एक मिलिवॉटच्या आत, डोळा आपसूक मिटतो तेवढ्या वेळात इजा होत नाही. मुद्दाम टक लावून बघायचा नाही, पोराच्या हातात खेळायला द्यायचा नाही. मिरवणुकीतले दिवे वॉटमध्ये मोजतात, म्हणजे हजारपट आणि त्याहून वर.

खरा धोका जुन्या डीव्हीडी रायटरमधून किंवा भंगारातून काढलेल्या लेझर डायोडांचा. त्यांच्यावर वर्गाची पट्टी नसते. स्वस्तात सेन्सर घरी बनवू म्हणून ते उघडे चालवू नका, विशेषतः न दिसणारे. पापणी दिसणाऱ्या उजेडालाच मिटते.

घेताना

‘लेझर सेन्सर मॉड्यूल’ म्हणून पन्नास रुपयांत दिसतं ते बहुधा केवाय-००८ असतं. तो नुसता लाल लेझर आहे. अंतर मोजत नाही, काहीच मोजत नाही, पेटतो. वर्णनात टीओएफ किंवा चिपचं नाव नसेल तर पुढे जा. टीओएफ२००सी नावाच्या बोर्डावर एल-झिरो असतो, टीओएफ४००सी वर एल-वन, आणि टीओएफ०५०सी वर व्हीएल६१८०, जो वीतभर अंतरापुरताच आहे.

कोल्हापुरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अर्डुइनो आणि एचसी-एसआर०४ मिळून जातो, टीओएफ बहुधा मागवावाच लागतो. अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, त्यामुळे पुण्या-बंगळुरूच्या ऑनलाइन दुकानांचाच आधार. पुण्याला फेरी होणारच असेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत डोकावा, मुंबईत लॅमिंग्टन रोड. शंभराच्या सेन्सरवर ऐंशीचा कुरिअर चार्ज बसतो, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून मागवलेलं बरं. एक जादाही मागवा, पिन उलटी लागून पहिला जळतो तो रविवारी संध्याकाळीच.

हातात आल्यावर

नव्या एल-झिरोच्या चिपवर पारदर्शक किंवा पिवळसर पापुद्रा असतो. तो धुळीसाठी लावलेला असतो, नखाने अलगद काढा. तो तसाच ठेवून ‘सेन्सर कायम तीन सेंटिमीटर दाखवतो’ म्हणणारे कमी नाहीत. त्याच कारणाने सेन्सरपुढे काच किंवा ॲक्रिलिक लावायचं असेल तर अगदी चिकटून लावा; मध्ये फट राहिली की प्रकाश काचेच्या आतूनच परततो.

वीज जोडल्यावर लेझर चालू आहे का ते डोळ्याला दिसणार नाही. मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्याकडे धरा, बहुतेक फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. ठिपका आहे पण आकडा नाही, म्हणजे घोळ वायरिंगमध्ये किंवा कोडमध्ये. अर्डुइनो चिपला ज्या आकड्याने हाक मारतो तो तिचा पत्ता, आणि या प्रत्येक चिपचा सुरुवातीचा पत्ता एकच असतो, हेक्झमध्ये २९. दोन सेन्सर एकाच तारांवर जोडले तर दोघं एकदम बोलतात आणि काहीच कळत नाही. प्रत्येकाची एक्सशट नावाची पिन वेगळी जोडा, एकेकाला जागं करा आणि पत्ता बदलून द्या. वीज गेली की ते नवा पत्ता विसरतात, म्हणून ही कसरत दर वेळी सुरुवातीलाच. अर्डुइनोऐवजी ईएसपी३२ या बोर्डावर एचसी-एसआर०४ लावत असाल तर त्याची इको पिन पाच व्होल्ट देते आणि ईएसपीला ३.३ च चालतात. एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा.

मग भिंतीवर पांढरा कागद चिकटवा, शिंप्याचा नाही, लोखंडी टेप घ्या आणि २०, ५०, १०० सेंटिमीटरवर सेन्सर काय म्हणतो ते वहीत लिहा. तिन्हीकडे सारखाच फरक येत असेल तर तो कोडमध्ये वजा करा, काम झालं. अंतराबरोबर फरक वाढत असेल तर गुणक लावावा लागेल. मग कागद काढून, जी वस्तू खरंच मोजायची आहे ती समोर ठेवा, जिथे सेन्सर बसणार त्याच जागी, त्याच उजेडात. तिथे जो पल्ला निघेल तो तुमच्या सेन्सरचा पल्ला. पेटीवर काहीही छापलेलं असो.